नावेचा बंगला

आमच्या गावात गेलेली सालं कुणी आकड्यांनी लक्षात ठेवत नसे. "थोरलीचं लगीन झालं त्या साली नाव नागपंचमीच्या आधीच उठलीती," असं म्हाताऱ्या बायका बोलायच्या आणि ऐकणाऱ्याला ते साल बरोबर कळायचं. निपाणीपासून तीन-साडेतीन कोसांवर, वेदगंगेच्या काठी आमचं गाव. बाहेरचा माणूस हे बोलणं ऐकून बुचकळ्यात पडायचा. नाव उठते म्हणजे काय, ती काय झोपलेली असते? त्याला आमचं उत्तर ठरलेलं होतं. व्हय, आठ म्हयने झोपलेली असती.

ही नाव माणसं पलतीरी नेणारी नव्हे. ती वेगळी, रुंद बुडाची. ही शर्यतीची, बावीस हात लांब, अंगाने सडपातळ, आठ वल्ह्यांची, आणि मागे सुकाणू धरायला नववा माणूस. श्रावणात नदी भरली की आमच्या गावची नाव आणि पलतीरच्या गावची नाव यांची शर्यत लागायची. त्यासाठी गावात एक मंडळ होतं, बापजाद्यांपासूनचं. त्याला ना कागद ना शिक्का. नाव होती, वल्ही होती, आणि नदीच्या अगदी कडेला नाव ठेवायची खोप होती. तीन बाजूंना दगडमातीच्या भिंती, वर उसाच्या पाल्याचं छप्पर, नदीकडची बाजू उघडी, खाली वाळू.

पूर आला की पाणी सरळ खोपीत शिरायचं. आधी वाळू भिजायची, मग नावेचं बूड. फळ्या चार-पाच दिवस पाणी पीत बसायच्या आणि फुगून एकमेकींना घट्ट धरायच्या. पाणी चढत चढत एक दिवस असा यायचा की नाव आपणहून वाळूवरून सुटायची आणि खांबाला हळूच टेकायची. नाव उठली. मग बायका खण-नारळ घेऊन काठावर यायच्या, नावेची ओटी भरायच्या, आणि तिथून आमचा श्रावण सुरू व्हायचा. माणसाच्या हाताने नाव ओढून पाण्यात घालायची नाही, असा रिवाज होता. का घालायची नाही, हे कुणाला सांगता येत नसे. मलाही ते फार उशिरा कळलं, आणि ज्या तऱ्हेने कळलं ती तऱ्हा देव कुणावर न आणो.

सुकाणू आमच्या घरात होतं. आजा, मग बाप, आणि बापामागं अण्णा, माझा थोरला भाऊ. जमीन म्हणाल तर नदीकाठच्या मळईची एक पट्टी. बाकी इस्टेट म्हणजे हे सुकाणूच. लाकडाचं का असेना, गावात आमच्याकडे बघायची जी नजर होती ती त्याच्यामुळे होती. लग्नाच्या पंगतीत अण्णाला पुढच्या ओळीत पाट मिळायचा तो सुकाणूवाला म्हणून. पोटाला तो माणसं पलतीरी नेणारी नाव चालवायचा, मळईत जोंधळा करायचा, पण विचारलं तर स्वतःला नावाडी म्हणायचा नाही, शेतकरी म्हणायचा नाही. "माझ्याकडं सुकाणू हाय," असं म्हणायचा.

शर्यत वर्षातून एकदा, पण त्याची खोपीतली चाकरी बारमाही. खोप झाडायची, पाला बदलायचा, आणि माघ सरला की रोज दिवस कलताना दोन घागरी पाणी नावेखालच्या वाळूवर ओतायचं. "भुई वली ऱ्हायली की नाव ऱ्हाती," एवढंच तो म्हणायचा. मी ते लहानपणापासून ऐकत होतो. तुळशीला पाणी घालतात, त्यातलाच काही प्रकार असावा, अशी माझी समजूत होती.

अण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन जाणारा. अण्णाला एक अक्षर येत नव्हतं, म्हणून की काय, मला शिकवायचं त्याने मनावर घेतलं. निपाणीच्या शाळेत घातलं, पुढे बेळगावला धाडलं. मी ट्रेनिंग घेऊन तिथल्याच एका शाळेत लागलो तेव्हा तो मला भेटायला आला. वर्गाच्या खिडकीतून बघत किती वेळ उभा होता कोण जाणे. सुट्टी झाल्यावर म्हणाला, "जेवलास का, मास्तर?" आधी ती चेष्टा होती. पुढे त्याने माझं नाव टाकूनच दिलं. घरात, रानात, चारचौघांत मी मास्तर झालो, आणि मला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी एका पुराने खोपीची एक भिंत नेली. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. देवळापुढे माणसं जमली, भिंत परत घालायची बोलणी चालली. पलतीरच्या गावाने आदल्याच साली आपल्या नावेला पत्र्याची शेड केली होती, ते सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. मी उभा राहिलो आणि तासभर बोललो. वर्गात बोलतात तसा. किती दिवस आपण दरसाल पडणारं खोपट दरसाल उभं करायचं? मंडळाला घटना पाहिजे, कार्यकारिणी पाहिजे, चिटणीस पाहिजे. आणि नावेला पक्कं घर पाहिजे, उंच जागेवर, जिथे पुराचं पाणी येणार नाही. बेळगावच्या कॅम्पात मी साहेबलोकांची क्लबघरं बघितली होती. म्हणजे बाहेरून. आत कोण सोडतोय?

गावचे एक जमीनदार होते, निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. ते अध्यक्ष झाले, दगड आणि लाकूड त्यांनी दिलं. चिटणीस अर्थात मी. नकाशाही मीच काढला, आणि त्या कागदाला वर ठळक अक्षरांत 'नौकागृह' असं लिहिलं. गावाने तो शब्द एकदा तोंडात घोळवून बघितला आणि थुंकून टाकला. पाया भरायच्या आधीच त्याला 'नावंचा बंगला' म्हणायला लागले.

बंगला मात्र खराच देखणा झाला. घडीव दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, सागवानी दार, खाली शहाबादी फरशी. माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे त्या फरशीचा उतार. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चार बोटांचा फरक, शेवटी मोरी, आणि मोरीचं तोंड मागच्या निवडुंगात. डोळ्याला तो उतार अजिबात दिसायचा नाही. फरशी बसल्यावर मी गवंड्याला दारात बादली ओतायला लावली. बघता बघता पाणी मागे पळालं आणि मोरीतून नाहीसं झालं. फरशीवर थेंब थांबेल तर शपथ. मी गवंड्याच्या पाठीवर थाप मारली. ओल हा लाकडाचा वैरी, असं मी त्याला समजावून सांगितलं, आणि तो बिचारा मान डोलवत राहिला. मास्तर सांगतोय म्हटल्यावर तो काय बोलणार?

अण्णाने त्या कामावर हिवाळाभर दगड वाहिले. विरोध म्हणून त्याने एक शब्द काढला नाही. फक्त एकदा, भिंती कमरेएवढ्या आल्या असताना, पाटी खाली ठेवून नदीकडे बघत त्याने विचारलं, "पानी हितवर कवा यायचं, मास्तर?"

"कधीच नाही, अण्णा. त्यासाठीच तर सगळं चाललंय."

"मग नाव उठायची कशी?"

"आपण उठवायची. माणसं काय कमी आहेत?"

आजूबाजूचे हसले. अण्णाही हसला आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागला. तो हसला म्हणजे त्याला पटलं, असं मी धरून चाललो. मुलं गप्प बसली की धडा समजला असं धरून चालायची मास्तरांना सवयच असते.

शिमग्याच्या आधी नाव खांद्यांवरून वर चढवली आणि बंगल्यात लाकडी घोड्यांवर ठेवली. जुन्या खोपीचे खांब त्या साली होळीत गेले. मी सात नियम लिहून काढले होते, ते वाचून दाखवले. तिसरा नियम असा होता की नौकागृहाची किल्ली चिटणिसाकडे राहील आणि कार्यकारिणीच्या संमतीशिवाय दार कुणासही उघडून मिळणार नाही. जुन्या खोपीत पोरंटोरं दुपारची पत्ते कुटत बसायची, ते मला बंद करायचं होतं. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, "किल्ली माझ्याजवळ ठिव. मी रोज जातोय न्हवं?"

मी म्हणालो, "तू माझा भाऊ आहेस म्हणूनच देता येत नाही. उद्या लोक म्हणतील, मास्तरने नियम केले आणि पहिल्यांदा घरच्यालाच सूट दिली."

त्याला हे कळलं की नाही कोण जाणे, पण 'लोक म्हणतील' एवढं कळलं. "ऱ्हाऊ दे तर," म्हणाला. मी किल्ली ट्रंकेत टाकली आणि सर्व्हिस मोटारीने बेळगावला निघून आलो. नियम केवढा निःपक्षपाती आहे, याचा मोटारीत संकेश्वरपर्यंत मला अभिमान वाटत होता. आज त्या अभिमानाची शिसारी येते.

चैत्रात त्याचं पोस्टकार्ड आलं, गावच्या शाळामास्तरांच्या अक्षरात. "नावेला ओल नाही. किल्ली पाठवून द्यावी. वहिनी बरी आहे. तू तब्येतीस जपावे." मी उलट टपाली तिसरा नियम लिहून कळवला. हो, भावाला. खाली 'आपला, चिटणीस' अशी सहीसुद्धा केली असती, पण हात आवरला आणि 'तुझा बंधू' असं लिहिलं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरांसाठी एक वर्ग निघाला होता, त्यामुळे मी बेळगावातच अडकलो.

वैशाखात एका लग्नासाठी दोन दिवस गावी जाणं झालं. अण्णा वऱ्हाडाच्या गाडीवर होता. लग्नाच्या गडबडीत त्याने मला गाठलं आणि पहिला प्रश्न केला, "किल्ली आणलीस?"

"ट्रंकेत राहिली, अण्णा." आणि खरंच राहिली होती. मी मुद्दाम विसरलो नव्हतो. पण मुद्दाम आठवणही ठेवली नव्हती.

परत निघताना सकाळी मी एकटाच बंगला बघायला गेलो. सगळीकडे उन्हाने माती तडकलेली आणि दाराच्या उंबऱ्यापाशी मात्र ओलं. नुसतं ओलं नव्हे, उंबऱ्याखालच्या दगडाला शेवाळाची हिरवी रेघ आलेली. माझं डोकंच फिरलं. कुणीतरी बाई खरकटं पाणी आणून इथे टाकते, दुसरं काय असणार? सागवानी दार, नवाकोरा दगड, आणि ही तऱ्हा. निपाणीत उतरल्याबरोबर मी एका रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: 'येथे पाणी सांडू नये. हुकुमावरून.' गावच्या टपालवाल्याबरोबर ती धाडून दिली आणि निरोप दिला की अण्णाला म्हणावं, दारावर ठोकून दे. त्याने ती त्याच दिवशी ठोकली, असं उत्तर आलं.

श्रावण लागला. पूर त्या साली उशिरा आला पण जोरात आला. शर्यत आणि बंगल्याचं उद्घाटन एकाच दिवशी ठरवलं होतं, मामलेदारसाहेब येणार होते. मी किल्ली आणि निपाणीचा तोच रंगारी घेऊन चार दिवस आधी गावात पोचलो. दार उघडलं. आत कोरडं ठणठणीत, धुळीचा कण नाही. मी मनात म्हटलं, शाबास.

अण्णा सरळ नावेपाशी गेला. खाली वाकून त्याने बुडाच्या एका सांध्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. फळ्या पांढऱ्या फटक पडल्या होत्या आणि सांध्यांत नख जाईल इतक्या फटी होत्या. त्यांत ठासलेला काथ्या सुकून लोंबत होता. त्याने तो ओढला, तर तो हातातच आला. मग म्हणाला, "आजच्या आज काठाला न्हेऊन बुडवून ठिवू. चार दिस पानी पिली की धरंल."

"आणि रंग?"

"रंग कशाला?"

"अण्णा, मामलेदार येणार आहेत. भिजलेल्या लाकडावर रंग बसत नाही. फटींत आपण लांबी, ती खडू-तेलाची कणीक, भरून घेऊ. रंगारी म्हणतोय, एक थेंब आत यायचा नाही."

"रंगारी नावंत बसनार हाय का?"

हे तो रागावून बोलला नाही. पण रंगाऱ्यादेखत बोलला, आणि मला ते लागलं. मी म्हणालो, "अण्णा, प्रत्येक गोष्टीत जुनंच धरून बसायचं असेल तर बंगला बांधलाच कशाला?" तो उठला, हात धोतराला पुसले आणि बाहेर गेला. तीन दिवसांत नाव हिरवीगार झाली, कडेने पिवळी पट्टी, पुढे लाल डोळे. इतकी सुंदर ती कधीच दिसली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी ती खांद्यांवरून उतरवून पाण्यात सोडली. बायकांनी ओटी भरली, पण कुणी 'नाव उठली' म्हणालं नाही, कारण ती उठलीच नव्हती. अण्णा सुकाणूवर बसला तेव्हा त्याच्या पायांत वहिनीचं एक तपेलं होतं. मला दिसलं. पाणी उपसायला तपेलं घेऊन शर्यतीत उतरणारा सुकाणूवाला मी कधी बघितला नव्हता. मांडवात मामलेदारसाहेबांशेजारी खुर्चीवर बसून मी ते दिसलंच नाही असं केलं.

निम्म्या अंतरापर्यंत आमची नाव पुढे होती. मग ती जड झाल्यासारखी दिसू लागली. वल्ही तशीच पडत होती, पण नाव पाण्यात खाली खाली बसत होती. अण्णाला एका हाताने तपेल्याने पाणी उपसताना मी बघितलं. मग त्याने तपेलं टाकलं, दोन्ही हातांनी सुकाणू धरलं आणि नाव शर्यतीतून काढून पलतीराकडे वळवली. आमच्या काठावर आधी कुणाला कळेना, मग ओरडा सुरू झाला. पलतीराजवळ पुरात बुडालेल्या बाभळीचा एक बुंधा होता, तो सगळ्या गावाला ठाऊक होता. अण्णाला तर स्वतःच्या उंबऱ्याइतका ठाऊक. पाण्याने भरलेली नाव सुकाणूचं ऐकेना, ती थेट त्या बुंध्यावर गेली आणि मधोमध फुटली. पण तिथे पाणी छातीएवढं होतं. नऊच्या नऊ माणसं उभ्याने काठाला लागली. अर्ध्या नदीत बुडाली असती तर त्या ओढीला नऊतली किती परत आली असती, हे मला आजही मोजवत नाही.

तिसऱ्या दिवशी कार्यकारिणी बंगल्यातच बसली. जिथे नाव असायची तिथे सतरंजी अंथरली होती. अध्यक्ष म्हणाले, पलतीरच्यांच्या दारात जाऊन आपटली, गावाची शोभा झाली, मामलेदारांसमोर झाली. बुंधा ठाऊक असून त्यावर नाव गेलीच कशी? मग त्यांनी सगळ्यांकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नाव सुकली होती, हे बोलायला हवं होतं. किल्ली माझ्या ट्रंकेत होती, त्याने मागितली होती, लिहून मागितली होती, नाव भिजवायला चार दिवस मागितले होते. दोन वाक्यांचं काम होतं. मी तासतासभर बोलणारा माणूस, आणि माझी वाचा बसली. खरं बोललो असतो तर माझा बंगला चुकीचा ठरला असता, माझे नियम चुकीचे ठरले असते, आणि मी त्या सतरंजीवर सगळ्यांच्या खाली बसलो असतो. दुसरं कारण नव्हतं. मी खूप शोधून बघितलंय.

अण्णा दारापाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याला सगळं समजलं. तो म्हणाला, "माझीच नजर चुकली. बुंधा ध्येनात आला न्हाय."

चिटणीस म्हणून कामकाज लिहून काढणं माझ्याकडे होतं. मी लिहिलं: 'सुकाणूवाल्याच्या गैरसावधपणामुळे नौकेचा नाश झाला. यापुढे सुकाणू अन्य इसमाकडे देण्याचे सर्वानुमते ठरले.' सर्वानुमते. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. वाचून दाखवलं आणि अण्णाकडे अंगठ्यासाठी शाईची डबी सरकवली. त्याने अंगठा उठवला आणि शाई पुसायला फडकं नव्हतं म्हणून हात तसाच लांब धरून घरी गेला.

पुढच्या साली नवी नाव आली, सुकाणूवर दुसऱ्या घरचा माणूस बसला. मी चिटणीसपद सोडलं आणि बेळगावच्या कामाचं निमित्त सांगितलं. अण्णा माणसं पलतीरी नेणारी नाव चालवत राहिला. शर्यतीच्या दिवशी मात्र तो मळईत खुरपं घेऊन बसायचा, पाठ नदीकडे करून. लग्नाच्या पंगतीत तो आपणहून मागच्या ओळीत जाऊन बसू लागला, आणि पुढे ये असं त्याला कुणी म्हणालं नाही. माझ्याशी तो पूर्वीसारखाच होता. मी गावी गेलो की मोटारीपर्यंत घ्यायला यायचा आणि विचारायचा, "जेवलास का, मास्तर?" त्याने एकदा तरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दरवेळी जाताना मी ठरवायचो की या खेपेला बोलायचं, पाय धरायचे. दरवेळी जेवणाखाण्याचं, पिकापाण्याचं बोलून परत यायचो.

लढाईच्या शेवटच्या साली तो तापाने गेला. तार पोचून मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वहिनीने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "लई वाट बघितली तुमची." मी तांब्या उचलून पाणी प्यालो. कुणाजवळ बोलायचं होतं आता?

वहिनी मागे एकटीच राहत होती. मी सुट्टीला जात राहिलो. स्वराज्य येणार असं जो तो बोलत होता, त्या वर्षाच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सकाळी ती सोप्यात बसून सुपात जोंधळे पाखडत होती, मी पलीकडे पेपर उघडून बसलो होतो. बंगल्यात तेव्हा तंबाखूची बोदं भरून ठेवायला लागले होते. नाव बाहेर झाडाखाली पडलेली असायची. त्याचंच काहीतरी बोलणं निघालं आणि मी सहज म्हणालो की दारावरची माझी पाटी अजून आहे, अक्षरं तेवढी पुसट झालीत.

ती सूप न थांबवता म्हणाली, "त्या पाटीवर काय लिवलंय त्ये पोरं आमाला वाचून दावायची की. पानी सांडू नगा म्हनून."

"हो. कुणीतरी बाई तिथे पाणी टाकायची."

"बाई कुटली? आमीच हुतो." सूप चाललंच होतं. "तुमी किल्ली घिऊन गेलासा. ह्यास्नी चैन पडंना. रोज दिस कलताना एक घागर त्येंची, एक माझी. दाराखाली बोटभर फट हुती न्हवं, तितनं आत वतायचं. जमिनीवर निजून हातानं पानी आत लोटायचे. पाटी आली तवा मी म्हनलं, आता नगं, मास्तरांनी लिवलंय. तर मला म्हनले, त्यो भायेर सांडू नगा म्हनतोय, आपुन कुटं सांडतोय? आपुन आत वततोय. पाऊस पडूस्तवर वतलं बगा. पाठ लई धरायची त्येंची."

उंबऱ्याखालची हिरवी रेघ डोळ्यांसमोर आली. अडीच-तीन महिने, रोज दोन घागरी. आणि आत गेलेला थेंब न थेंब माझ्या चार बोटांच्या उतारावरून मागे पळत मोरीतून निवडुंगाला मिळत होता. दार बंद होतं. त्यांना तो उतार कसा कळणार? तीन महिने त्या माणसाने निवडुंग शिंपला, आणि शेवटी सतरंजीपुढे उभं राहून सांगितलं की माझी नजर चुकली.

वहिनीने सूप खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं. "एक इचारू का, भावजी? तुमी दार उगडलं तवा आत गेलतासा न्हवं? त्ये पानी नावंला लागलं हुतं का? ह्ये मरूस्तवर मला इचारत हुते, थोडं तरी लागलं असंल का गं? मला काय ठावं? म्या तर आत कवा बघितलंच न्हाय."

मी तिला म्हणालो, "व्हय वहिनी, लागलं होतं. खालच्या फळ्या ओल्या होत्या."

तिने मान हलवली. "मग बरं," म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.